वहिनीची प्रयोगवही

माझ्या वहिनीला कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही, आणि मी तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नात्यात सगळ्यांचा असा समज आहे की भाऊजीने शिकवलं म्हणून तिला थोडंफार येतं. हा समज मी कधी खोडून काढला नाही. लग्नात, तेरवीत कोणी म्हटलं की मी नुसता हसायचो, आणि ते हसणं होकारातच मोजलं जायचं.

नेरला आमचं घर आहे, बसस्टँडपासून पायी जाण्यासारखं. तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. बाबा एका जिनिंगच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. दादा यवतमाळच्या अलीकडे लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर, रोज मोटरसायकलने जाणारा-येणारा. त्याची बायको म्हणजे वहिनी, झरी जामणीकडची. आणि मी, बीएस्सी होऊन दोन वर्षं एका मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवणारा. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे वहिनी आली त्या दिवसापासून घराचा स्वयंपाक तिच्याच अंगावर पडला. वयाने ती माझ्याहून फार तर वर्षभराने मोठी. तरी मला 'भाऊजी' आणि 'तुमी' म्हणायची. मी तिला बिनदिक्कत 'तू' म्हणायचो.

मला आयटीत जायचं होतं. कॉलेजात एकदा कोणाच्या तरी भावाने नागपूरहून येऊन भाषण दिलं, तेव्हापासून डोक्यात हेच. पण प्रत्येक जाहिरातीत अनुभव मागायचे, आणि नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा हे कोणी सांगायचं नाही. मग मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. घरीच लॅब उभी करा म्हणे. एक बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्याच्या पोटात चार-पाच खोटे कॉम्प्युटर चालवायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकाला सर्व्हर करायचं, एकाला पहारेकरी, बाकीच्यांना ऑफिसातले साधे कॉम्प्युटर. सगळ्यांचं आपसात नेटवर्क जोडायचं, मुद्दाम बिघडवायचं, पुन्हा दुरुस्त करायचं. मोठ्या कंपनीत जे चालतं ते सगळं टेबलावर. मला तर हर्षवायूच झाला.

यवतमाळला ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर विकणारा एक माणूस होता. त्याच्याकडून एक दणकट डबा आणला, त्यात मेमरी वाढवून घेतली आणि समोरच्या खोलीत दिवाणाशेजारी मांडला. उन्हाळ्यात तो तापायचा, म्हणून मी कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवून ठेवायचो. बाबा बनियन वर करून पोटाला वारा घ्यायचा प्रयत्न करायचे आणि म्हणायचे, "मानसं घामानं भिजून राह्यले अन् हवा कोनाले त डब्याले!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. माझा स्वभाव तसा तिरसट. मी काहीतरी मोठं करतोय आणि घरच्यांना त्याची काही किंमत नाही, असं मला कायम वाटायचं, आणि हे वाटणं मला आवडायचंही.

खरी अडचण लायनीची, म्हणजे विजेची होती. आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस सकाळी लाईन जाते, काही दिवस दुपारी. मशीन चालू असताना लाईन गेली की आतल्या फायली खराब व्हायच्या आणि तीन दिवसांचं काम पाण्यात जायचं. मी तर दिवसभर दुकानात. म्हणून एका कागदावर लिहून वहिनीला दिलं: लाईन जायच्या पंधरा मिनिटं आधी हे बटण, मग ते बटण, आधी साधे कॉम्प्युटर बंद करायचे, सर्व्हर सगळ्यांत शेवटी. चालू करताना उलट.

तिने कागद वाचला आणि विचारलं, "सर्व्हर शेवटी काहून?"

"तुले काय करा लागते?" मी म्हटलं. "लिहिलं तसं कर ना."

तिने कागदाची घडी घालून ठेवून दिली. चार दिवसांनी भाकरी वाढताना म्हणाली, "समजलं मले. बाकीचे त्याच्याच भरवशावर हायेत. तो आधी झोपला त हे बंद व्हाले लई वेळ लावतात. मी एक दिवस उलटं करून पाह्यलं."

मी तिच्यावर ओरडलो. माझ्या मशीनवर प्रयोग करायचे नाहीत म्हणून बजावलं. बाबांनी मला गप्प केलं, आणि ती चुलीपुढे परत गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

वहिनी पांढरकवड्याच्या होस्टेलात राहून बारावी सायन्स झालेली. पुढे शिकायचं होतं, पण स्थळ आलं. लग्नात आणलेल्या पेटीत तिने बारावीची फिजिक्सची प्रयोगवही जपून ठेवली होती, खाकी कव्हर घातलेली. शाळेत आपण सगळ्यांनी लिहिल्या तशीच: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, आणि डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती. मी तर माझ्या वेळी दुसऱ्याची उतरवून सही घ्यायचो. हिला मात्र जगातली कुठलीही गोष्ट त्या पाच मथळ्यांखाली मांडल्याशिवाय समजल्यासारखं वाटायचं नाही. तिने स्टँडवरच्या दुकानातून नवी दोनशे पानी वही आणली, आणि लाईन जायच्या आधीचं आणि आल्यानंतरचं सगळं त्यात लिहायला लागली. 'प्रयोग क्रमांक एक. उद्देश: मशीन बंद करण्याचा योग्य क्रम शोधणे.' साहित्यात तिने 'डबा, माऊस, भिंतीवरचं घड्याळ' असं लिहिलं होतं. मी ते वाचून हसलो होतो. दादालाही वाचून दाखवलं होतं, तिच्या देखत.

मग तो आठवडा आला, ज्याच्या जिवावर मी आज खातो.

मी सर्व्हरला एक काम नेमून दिलं होतं: नेटवर्कवर जो कॉम्प्युटर येईल त्याला पत्ता द्यायचा. घराला नंबर असतो तसा प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकड्यांचा पत्ता लागतो, त्याशिवाय तो कोणाशी बोलू शकत नाही. माझं सगळं व्हिडिओतल्यासारखंच होतं. तरी कधी खोट्या कॉम्प्युटरला पत्ता मिळायचा, कधी भलताच मिळायचा. पाच दिवस मी डोकं आपटत होतो. त्याच दिवसांत दादा कुरकुर करायला लागला की घरचं वायफाय दिसतं पण नेट चालत नाही. बाबांचे भजनाचे व्हिडिओही अडकायला लागले. मी म्हटलं, मोबाईल जुने झाले तुमचे.

वहिनीने काय केलं, तर वहीत रकाने आखले. वेळ. माझी दोन नंबरची मशीन, म्हणजे तोच सर्व्हर, चालू की बंद. दादाचा मोबाईल. बाबांचा मोबाईल. दोन दिवस भाजी फोडणीला टाकता टाकता येऊन बघायची आणि बरोबर की चूक अशा खुणा करायची. मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरून तिथे दिसणारे आकडेही लिहायची. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तर वही माझ्यापुढे ठेवली.

"भाऊजी, दोघं वाढून राह्यले."

"काय?"

"विहारात पौर्णिमेले आपली पंगत बसते ना. एकच जन एका टोकाकून वाढत गेला त बरोबर होते. दोन्हीकून दोघं वाढाले लागले का मधातल्याच्या पानात कोनाचं बी पडते. इथं तसंच हाय. एक आपल्या वायफायचा डबा पत्ते वाढून राह्यला, अन् एक तुमची मशीन. जो आधी पोचला त्याचं मोबाईल खाते. तुमच्या मशीनीचं खाल्लं का नेट बंद."

मी वही जवळ ओढली. निष्कर्षात लिहिलं होतं: 'दोष मोबाईलचा नाही.' मी एक सेटिंग चुकवलं होतं. माझं खोटं नेटवर्क घरच्या खऱ्या नेटवर्कला मोकळं जोडून ठेवलं होतं, त्यामुळे माझा सर्व्हर अख्ख्या घराला पत्ते वाटत सुटला होता. सेटिंग बदललं आणि दोन मिनिटांत सगळं सुरळीत. मी तिला म्हणालो, "हो, मी आज तेच पाहणार होतो."

तिने मान डोलावली आणि चहा ठेवायला गेली. एवढं म्हणायला काय जात होतं मला, की वहिनी, तू शोधलंस?

त्यानंतर मात्र मी तिला अडवलं नाही. उदारपणा म्हणून नाही, सोय म्हणून. दुपारी ती लॅबवर बसायची, मी संध्याकाळी येऊन वही वाचायचो आणि दोन पावलं पुढे जायचो. सात-आठ महिन्यांत प्रयोग साठीच्या पुढे गेले. त्यातले माझे किती, तिचे किती, हे मला नीट माहीत आहे, पण आकडा लिहायला अजून हात धजत नाही.

नागपूरच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. सोबत कामाची काही नोंद असेल तर आणा, असं त्यांनी कळवलं होतं. मी दुकानातून चार दिवस सुटी घेतली आणि वही इंग्रजीत टाईप केली. वहिनी शेजारी बसून वाचून दाखवायची, मी टाईप करायचो. प्रयोगाची मी 'लॅब' केली. साहित्यातलं घड्याळ काढून टाकलं. आकृत्या तिने पुन्हा नीट काढून दिल्या, मी त्यांचे फोटो चिकटवले. छापून आणल्यावर पहिल्या पानावर माझं नाव मोठ्या अक्षरांत. तिने फाईल हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "मस्त दिसते. पुस्तकावानी." मुलाखतीला निघताना तिनेच माझ्या शर्टाला इस्त्री केली होती.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या साहेबांनी विचारलं, लॅबमध्ये आलेली एखादी अडचण सांग आणि ती कशी सोडवली तेही सांग. मी पंगतीची गोष्ट सांगितली. दोन्हीकडून वाढणारे, मधल्याचं पान, सगळं. साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, इतक्या वर्षांत मला कोणी हे इतकं सोपं करून सांगितलं नाही, तुला कसं सुचलं? मी म्हटलं, असंच सर, गावाकडे पाहिलेलं असतं ना.

कोणी मदत केली होती का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही सर, एकटाच होतो.

नोकरी लागली. घरात खीर झाली. बाबांनी गल्लीत पेढे वाटले, आणि पहिल्यांदाच त्या डब्याकडे प्रेमाने पाहिलं. मी नागपूरला खोली घेतली. वहिनी रविवारी फोन करायची, म्हणजे दादाच्या फोनवर दादाचं बोलून झालं की घ्यायची. "भाऊजी, पासवर्डची मुदत संपली म्हनते, काय करू?" "भाऊजी, तुमच्या हापिसात बी सर्व्हर असाच रुसते काय?" सुरुवातीला मी सांगायचो. पुढे पुढे 'मीटिंग आहे' म्हणायला लागलो. रविवारी कसली मीटिंग! दिवाळीला घरी गेलो तेव्हा तो कॉम्प्युटर बांधून घेऊन आलो. मला अभ्यासाला लागतो म्हणून सांगितलं. कंपनीने लॅपटॉप दिलेला होता. माझ्या खोलीत तो डबा पलंगाखाली गेला आणि मी त्याची वायरसुद्धा उघडली नाही. वहिनीने तो बांधताना सुतळी धरली होती. एवढंच म्हणाली, "प्रयोग अर्धा राह्यला, पन राहू द्या."

का आणला, हे मला आज विचाराल तर सरळ सांगतो. मला तिची भीती वाटायला लागली होती. ऑफिसात मी अडखळायचो. ज्या प्रश्नावर मी दिवस घालवायचो, त्याचे रकाने तिने कसे आखले असते, हे मला दिसायचं.

वर्ष व्हायला आलं होतं. एक दिवस त्याच साहेबांनी मला बोलावून घेतलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून दुरुस्त करायला एक माणूस हवा होता, घरी बसून काम. म्हणाले, डिग्री नसली तरी चालेल, मला तुझ्यासारखं स्वतःच्या हाताने लॅब केलेलं माणूस पाहिजे, तुझ्या गावाकडे आहे का कोणी?

मी म्हटलं, नाही सर.

ती जागा भरली गेली. ज्याला मिळाली तो मुलगा बरा होता, त्याच्याशी मला अजूनही नीट बोलता येत नाही. पुढे दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "काय रे, तुह्या वहिनीले तिकडं काई भेटन काय? घरी बसून राह्यते, उदास राह्यते बिचारी." मी म्हटलं, "दादा, त्याले डिग्री लागते." तो म्हणाला, "हो बा, ते त हाय." माझ्यावर त्याचा इतका विश्वास, की दुसऱ्यांदा विचारलंच नाही त्याने.

मी स्वतःला बरीच कारणं पुरवली. घर कोण बघणार, बाबांना वेळेवर कोण वाढणार, तिला फोनवर इंग्रजी जमणार नाही. सगळी कारणं माझीच. ती मुलाखतीला बसली असती तर दहा मिनिटांत पंगत निघाली असती, आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं असतं. खरं कारण एवढंच होतं.

वहिनी आता लोहाऱ्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दादाची पाळी वेगळी, म्हणून ती बसने जाते. पुठ्ठ्याच्या खोक्यात माल भरायचा, चिकटपट्टी लावायची, दिवसभर उभं राहून. बाबा स्वतःच्या हाताने वाढून घेतात आणि त्यांना त्यात काही अडचणही दिसत नाही.

गेल्या महिन्यात दोन दिवस घरी गेलो होतो. रविवार होता, दादा बाबांना घेऊन डॉक्टरकडे गेलेला. वहिनी पडवीत सुपात तूर निवडत बसली होती. मनगटाला पट्टा बांधला होता, पॅकिंगवर सगळ्याच बायांचं मनगट धरतं म्हणाली. तिच्या हाताकडे पाहून मला राहवलं नाही. मी समोर बसलो आणि मुलाखतीचं सांगितलं. पंगतीची गोष्ट माझी म्हणून सांगितली, एकटाच होतो म्हणालो, सगळं.

ती हसली. "त्याचं काय घेऊन बसले भाऊजी. फाईल त मीच वाचून देल्ली ना तुमाले. घरातलंच होतं ते. तुमाले नोकरी लागली, बस झालं."

मला वाटलं इथेच उठावं. माफी पदरात पडली होती. पण नाही उठलो. साहेबांनी नंतर काय विचारलं होतं, जागा कसली होती, डिग्री लागत नव्हती, घरूनच काम होतं, तेही सांगितलं. मी काय उत्तर दिलं, तेही.

तिचा हात सुपात थांबला. मग तिने खाली बघतच विचारलं, "मंग तवा माही याद आल्ती तुमाले?"

"आली होती," मी म्हटलं.

"इचार केल्ता काय थोडासाक? का असंच म्हनून देल्लं नाई म्हून?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखरच हवं होतं ते उत्तर.

"केला होता," मी म्हणालो. "दोन दिवस केला. झोप नव्हती लागली."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "इचार त केला." आणि ती पुन्हा तूर निवडायला लागली.

साहेबांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तेवढ्यात मी नाही म्हणून मोकळा झालो होतो.